हिवराचं ताट

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'झाडं' असं आहे. त्यात आम्ही चौघंच. बोर केंदूरच्या शेतातले फोटो टाकतो, चिंच शाळेतल्या पोरांचे किस्से लिहिते, मी कुणाचा तरी वाढदिवस विसरल्याबद्दल माफी मागते आणि हिवर सगळ्यांना अंगठा दाखवतो. त्या दिवशी सकाळी हिवरच्या नंबरवरून दोनच शब्द आले, 'पप्पा गेले.' मी शिरूरच्या बाजारात भाजी घेत होते. बिचाऱ्याचे वडील गेले असं वाटून मी लगेच लिहिलं, 'हिवर, धीर धर. आम्ही आहोत.' बोरनं विचारलं, 'काकांचं वय काय होतं रे?' चिंचेनं हात जोडले. थोड्या वेळानं त्याच नंबरवरून उत्तर आलं, 'मी प्रज्ञा, त्यांची मुलगी. पप्पा म्हणजे तुमचे हिवर.' भाजीवाली मेथीचे पैसे मागत होती आणि मी तिच्याकडे नुसतीच बघत राहिले. माणूस गेला होता आणि आम्ही त्यालाच धीर धरायला सांगत होतो. त्याचे वडील तो नववीत असतानाच वारले होते, हे मला नंतर दौंडला गेल्यावर समजलं. जवळजवळ वीस वर्षांच्या मैत्रीत ही गोष्ट आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हती.

ही झाडांची नावं आम्हाला आप्पांनी दिली. आप्पा म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. पाबळच्या पुढं एका माळावरच्या शाळेत ते दर मे महिन्यात मुलांचं निवासी शिबिर घ्यायचे. मुलं आजूबाजूच्या गावांतली, आणि त्यांना सांभाळायला आमच्यासारखे कॉलेजातले नाहीतर नुकतेच नोकरीला लागलेले ताई-दादा. मानधन यथातथाच, पण उन्हाळा मजेत जायचा. आप्पांचा एक नियम होता, आडनाव फाटकाबाहेर ठेवून आत यायचं. पहिल्या दिवशी प्रत्येकानं माळावरचं एक झाड निवडायचं आणि शिबिर संपेपर्यंत तेच आपलं नाव. मी करंज झाले. केंदूरचा एक शेतकऱ्याचा मुलगा बोर झाला, मांडवगण फराट्याची एक हसरी मुलगी चिंच झाली. हिवर दौंडहून आला तो उशिरा. एसटी चुकली म्हणाला, पण अंगातल्या शर्टाची इस्त्री अशी कडक होती की एसटी नेमकी कशामुळे चुकली ते आम्हाला दिसतच होतं. तोवर बरी बरी झाडं संपली होती. हिवर कुणीच घेतला नव्हता, कारण हिवराच्या सावलीला बसू नये असं आमच्याकडं म्हणतात. तो म्हणाला, "मला द्या हिवर. पानी मागत न्हाई आन् कुनाची वाट बी बघत न्हाई." आप्पा खूश झाले. शिबिर बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी आम्ही एकमेकांना त्याच नावांनी हाक मारत राहिलो. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर आजही 'हिवर' याच नावानं आहे.

मृत्यूनंतर माणूस उगाचच गोड होऊन जातो, म्हणून आधीच सांगते, हिवर काही संत नव्हता. बेसूर होता आणि प्रार्थनेत सगळ्यांत मोठ्यानं गायचा. लगोरीत हरला की संध्याकाळपर्यंत फुगून बसायचा, आणि पंच म्हणून उभा राहिला की स्वतःच्या गटाच्या बाजूनं बिनदिक्कत निकाल द्यायचा. माळावर वीज असेल नसेल, याला इस्त्री हवीच. तांब्यात निखारे घालून शर्टावर फिरवताना मी त्याला पाहिलेलं आहे. पण मुलं त्याच्याच मागं असायची. तो त्यांना शाळेच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवायचा. मला पोहता येत नव्हतं. माझे आजोबा मेंढरं घेऊन चार-चार नद्या ओलांडून जायचे, आणि त्यांची नात विहिरीच्या पायरीवर बसून घोट्यापर्यंत पाय बुडवायची. हे मीच एकदा हौसेनं त्याला सांगितलं. झालं, पुढचे आठ दिवस त्यानं माझा पिच्छा पुरवला. "करंज, मेंढरं बी पवत्यात गं," एवढंच म्हणायचा आणि मुलांसमोर म्हणायचा. शेवटी चिडून मी पाण्यात उतरले. त्यानं हात धरला आणि मी बरी तरंगायला लागेपर्यंत सोडला नाही. मी माझं सगळं सांगितलं, कारण ते सांगताना मला भीती नव्हती. त्यानं त्याचं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं नाही हा आप्पांचा नियमच होता. आज वाटतं, त्या नियमामुळे आमची फार सोय झाली.

शिबिराचा दुसरा नियम ताटाचा. प्रत्येकानं घरून आपलं ताट, वाटी, पेला आणायचा आणि जेवण झाल्यावर आपलं आपण राखेनं घासायचं. आप्पाही घासायचे. हिवरला त्यातही स्पर्धा लागायची. ताटात तोंड दिसेपर्यंत घासायचा आणि मग त्यात बघून भांग पाडायचा.

आप्पांचे गुडघे गेले आणि शिबिर थांबलं. पण मे महिना आला की आम्हाला करमेना. मग बोर म्हणाला, माझ्याकडं केंदूरला या, आंबे आहेत, विहीर आहे. असा आमचा दर मेचा रिवाज सुरू झाला. पहिल्या वर्षी बोरच्या आईनं आमरसाचा बेत केला होता. घराच्या पडवीत आम्ही चौघं ओळीनं बसलो. मला, चिंचेला आणि बोरला स्टीलची ताटं आली, हिवरपुढं पत्रावळ आली. मला ते अगदी लख्ख आठवतंय, कारण त्यावर विनोद मीच केला होता. मी म्हटलं, "वा, हिवरचा थाट बघा, आम्हाला रोजचं जेवण आणि याला लग्नाची पंगत." चिंच हसली. मला वाटलं, ताटं कमी पडली असतील. चार माणसांना ताटं कमी पडतील एवढं काही बोरचं घर गरीब नव्हतं, पण तेवढा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. हिवरही हसला. रस पत्रावळीतून ओघळत होता, तो हाताची ओंजळ करून अडवत होता. जेवण झाल्यावर म्हणाला, "पुढच्या सालापासनं शिबिराचाच नेम लावायचा. आपलं ताट आपन आनायचं." आम्हाला कल्पना फारच आवडली. जुने दिवस परत येणार म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळ्यांनीच ताटं नेली. तिसऱ्या वर्षी मी विसरले. नंतर चिंचेनं आणणं सोडलं, कारण एवढं ओझं कोण वाहणार. हिवर मात्र दर वर्षी आणायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट पिशवीतून काढायचा, जेवायचा, आणि मोटारीच्या पाइपाखाली घासून पुन्हा गुंडाळून ठेवायचा. आम्ही त्याला किती चिडवलं असेल... मी तर त्याचं नाव 'शिबिर-अधीक्षक' ठेवलं होतं. "अरे, आप्पा गेले, शिबिर गेलं, आता तरी सुधार," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "सवय लागली, आता जाती व्हय?" बोर कधी त्याला चिडवायचा नाही. तो त्या वेळी कशाला तरी उठून जायचा, पाणी बघायला, नाहीतर गुरांना वैरण टाकायला. हे माझ्या आत्ता, लिहिताना ध्यानात येतंय.

आणखी एक गोष्ट तेव्हाच ध्यानात यायला हवी होती. शिरूरला माझ्या घरी हिवर कितीदा तरी आला. माझे वडील पुण्याला दवाखान्यात होते तेव्हा कुरकुंभच्या कंपनीतली ड्यूटी करून तो तसाच रेल्वेनं यायचा, रक्त देऊन गेला, वरून तिथल्या वॉचमनशी भांडूनही गेला. वडील घरी आल्यावर त्यांच्याशी पत्ते खेळायला यायचा आणि आजारी माणसाशीही लबाडी करायचा. आमच्याकडं तो आमच्याच ताटात जेवला. पिशवी नाही, वर्तमानपत्र नाही. सवयच होती तर ती माझ्या घरी कुठं जात होती, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही.

आणि तो बोलवायचा. दर मेला निघताना बोलवायचा. "औंदा झालं केंदूर. पुढच्या साली दौंडला या. शोभा म्हनती, मला बी झाडं बघायची हायेत." आम्ही म्हणायचो, हो, नक्की. मग दुसऱ्या मेला कुणीतरी म्हणायचं, दौंडला ऊन फार, केंदूरला निदान आंब्याची सावली आहे. चिंचेच्या मांडवगणवरून दौंड किती जवळ! बाजारहाटाला ती तिथं जायची. माझी तर दौंडला गाडी बदलायची वेळ कितीदा आली. एकदा गाडीला उशीर आहे असं मी ग्रुपवर सहज लिहिलं, तर हा थोड्या वेळात फलाटावर हजर. हातात डबा. म्हणाला, घर हाकेवर आहे, रिक्षा बाहेर उभी आहे, चल. मी म्हटलं, नको रे, गाडी चुकेल. गाडी कुठली चुकतेय, तिचा पत्ताच नव्हता. मग त्यानं बाकावरच डबा उघडला. बाजरीची भाकरी, सुकटीची चटणी, वर कांदा. मी पोटभर जेवले आणि म्हटलं, पुढच्या वेळी नक्की घरी येते. तो रिकामा डबा लावता लावता म्हणाला, "ये की. तुझं ताट हाय तिथं." मला वाटलं, बोलायची पद्धत आहे.

आम्ही त्याच्या घरी का गेलो नाही? जातीमुळे नाही, असं मला छाती ठोकून सांगायला आवडलं असतं. त्याची जात मला माहीतच नव्हती, हेही सांगता येईल. पण खरं बोलायचं तर माहीत नसणं आणि माहीत करून न घेणं यांत फरक आहे. त्याच्या बोलण्यात चौदा एप्रिल यायचा, वस्तीतल्या विहाराची रंगरंगोटी यायची. मला सगळं ऐकू येत होतं. माझ्या आजोबांना लोक बांधाच्या पलीकडं बसवायचे हे मी शिबिरात मुलांना रंगवून सांगायचे, आणि माझ्या शेजारी बसलेल्या मित्रापुढं पत्रावळ आली तेव्हा विनोद करायचे... याची लाज कशी लिहायची ते मला कळत नाही.

अंत्यविधीला आम्ही पोचू शकलो नाही. काही आठवड्यांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्याला तिघं गेलो. बोर गाडी चालवत होता. शिरूरपासून दौंडपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, दुःख आहे. दौंडात शिरल्यावर लक्षात आलं की कुणालाच घर ठाऊक नाही. फोन करून पत्ता विचारायची लाज वाटली, म्हणून रस्त्यावर चौकशी करत निघालो. हिवरचं खरं नाव दिलीप, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. लोक विचारायचे, कोण दिलीप? आडनाव काय? आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो. शेवटी लाज सोडून फोन केला, तेव्हा प्रज्ञाच रेल्वे लाइनीच्या कडेला येऊन उभी राहिली. पांढरा ड्रेस, आणि बापासारखीच कडक इस्त्री.

मांडवात वंदना झाली. हिवरच्या फोटोला आम्ही फुलं वाहिली. मग बाहेर जेवणाच्या पंगती बसल्या. आम्ही तिघं पत्रावळी घेऊन ओळीत बसतोय तोच शोभावहिनी आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच, शांत बाई. म्हणाल्या, "तुमी आत या. तुमचं आत हाय." आतल्या खोलीत सतरंजी अंथरली होती. त्यांनी मांडणीवरून ताटं काढली आणि आमच्यापुढं ठेवली. माझ्या ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तसं. 'करंज'. शेजारी 'चिंच'. पलीकडं 'बोर'. चिंचेनं ताटावरून बोट फिरवलं आणि पदर तोंडाला लावला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले, आणि तेच नेमकं बोलले. म्हटलं, "वहिनी, ताटावरून आम्ही त्याला फार चिडवायचो हो. दर वर्षी आपलं ताट घेऊन यायचा." वहिनी वाढता वाढता थांबल्या. माझ्याकडं बघितलं, मग बोरकडं. बोरनं घास हातातच ठेवला होता. तो ताटाकडंच बघत म्हणाला, "पहिल्या साली आईनं त्याला पत्रावळ वाढली. ताटं घरात ढीगभर हुती. तिनं गावात इचारलं हुतं, त्यो कुणाचा म्हनून." आणि मग हळूच, "म्या बघितलं. म्या काय बोललो न्हाई. त्यो बी कधी बोलला न्हाई."

वहिनींचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "मला बोलले ना. केंदूरवरनं आले तर चार दिस धड जेवले न्हाईत. मी म्हनलं, कशाला जायाचं मग असल्या ठिकानी? तर म्हनले, मानसं माझी हायेत, ताट तेवढं त्येंचं हुतं. ते मी माझं नेतो." मग त्यांनी बोरच्या ताटात भाजी वाढली. "त्याच आठवड्यात ही ताटं आनली. म्हनले, आपल्या घरी कुनाला प्रश्न पडाया नको, कुनाचं कुठलं. दर उन्हाळ्यात काढून पुसून ठिवायचो. म्हनायचे, औंदा येत्यालच."

बोर रडायला लागला. चाळिशी ओलांडलेला बाप्या, हातात घास धरून रडत होता. मला रडूही येईना. मला माझा तो विनोद ऐकू येत होता, माझ्याच आवाजात, आणि त्यावर हसणारा हिवर दिसत होता. केवढ्या सहजपणे हसला होता तो. त्यानं मला पोहायला शिकवलं, त्याबद्दल मी त्याला कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं, आणि त्यानं मात्र वर्षानुवर्षं आम्हाला असं सांभाळून घेतलं होतं, की आपल्याला कुणी सांभाळतंय हेही आम्हाला कळू नये. त्याला राग आला नसेल असं नाही. वहिनी सांगतात ना, चार दिवस जेवला नाही. लगोरीत हरल्यावर फुगून बसणारा हा माणूस. तो राग त्यानं घरी ठेवला आणि आमच्याकडं येताना ताट तेवढं आणलं.

आम्ही जेवलो. ताटात काही टाकायचं नाही, हाही आप्पांचाच नियम. जेवून झाल्यावर मी, चिंच आणि बोर तिघंही एकदमच ताटं उचलून उठलो. अंगवळणी पडलेलं, शिवाय तेवढं तरी करावं असं वाटलं असेल. मोरीकडं वळलो तर वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, मग चिंचेचं, मग बोरचं. बोर देईना, तर त्यांनी ओढूनच घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ह्या घरात पाहुन्याचं ताट पाहुना धुवत न्हाई."

त्या तिथंच बसून ताटं धुवायला लागल्या आणि आम्ही उष्टे हात घेऊन उभे राहिलो. प्रज्ञानं ती पुसून एकेक मांडणीवर लावली. चौथं ताट आधीच तिथं होतं, जे वर्तमानपत्रातून केंदूरला जायचं ते. मी वाकून पाहिलं. काठावर 'हिवर' असं कोरलेलं होतं, पण घासून घासून अक्षरं इतकी पुसट झाली होती की ठाऊक नसलेल्याला वाचता आली नसती. आमची नावं मात्र दुकानातून आणली त्या दिवशी होती तितकीच स्पष्ट होती.

निघताना वहिनी म्हणाल्या, "या आता. ताटं हितंच हायेत." पुढच्या वर्षी नक्की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... ते मी गिळलं.